गादीवरचा शेवटचा बस्ता

सांगलीच्या पेठेत एक चार मजली दुकान आहे. कापड, भांडी, बॅगा, खेळणी, देवघरं, सगळं एका छपराखाली. त्या दुकानाला मी मोठं केलं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गावातलं एकही लग्न मी त्याच्या दारावरून पुढं जाऊ दिलं नाही, हे कुणालाही विचारा. आता मी तिथं पाय ठेवत नाही. का ठेवत नाही ते माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि गावात कुणालाच नाही. तोंडानं सांगायला गेलो तर माझंच हसं होईल. लिहिलेलं माणूस निदान शेवटपर्यंत वाचतं, मधेच दात काढत नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. बाकी काही चुकणार नाही.

मी ते दुकान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका खणाचं होतं. फळ्यांचं दार, दारात चपला काढायच्या, आत पांढरी गादी. गादीवर म्हातारा शेठ बसायचा आणि त्याच्या पाठीमागं ताग्यांची उतरंड. मी माझ्याच लग्नाच्या कापडाला गेलो होतो. म्हाताऱ्याच्या हाताखाली त्याचा मुलगा लोखंडी गजानं कापड मोजत होता. माझ्याच वयाचा. मी म्हणालो, "गज सरळ धरा, मालक. आमी मागावर काम केलेली माणसं हाय." तरणा असताना मी इचलकरंजीत मागावर होतो, त्यामुळं कापड मला डोळे मिटून कळायचं. तो मुलगा रागावला नाही, हसला. तिथून आमची ओळख. पुढं तोच शेठ झाला, आणि मी त्याचा पाव्हणा.

शेजारी तेलाची पेढी होती. ती बंद पडल्यावर यांनी ती घेतली आणि मधली भिंत पाडली. पण तेलाच्या पेढीची जमीन उंच होती, म्हणून दुकानाच्या ऐन मध्यात दोन पायऱ्या आल्या. खेड्यातल्या बायका साड्यांकडं बघत चालायच्या आणि तिथं हमखास अडखळायच्या. मी शेठला म्हणालो, "ह्या पायऱ्या काढा की, एखादी पडायची." तो म्हणाला, "पाव्हणं, अडखळली की बसती, बसली की घेती. राहू द्या." पायऱ्या राहिल्या. त्यांच्यावर लाकडी जिना चढवून वरचा मजला झाला. मग पाठीमागचं हळदीचं गोदाम घेतलं. हळद गेली पण वास गेला नाही. त्या खोलीत ठेवलेल्या सोलापुरी चादरी कित्येक वर्षं हळदीचा वास धरून होत्या. त्याच गोदामावर मजला चढवून शेठनं बस्त्याची गादी केली, आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली. "इथं नवरीला हळद दुकानातच लागती," म्हणाला.

आमच्याकडं लग्नाच्या कापडाला बस्ता म्हणतात, हे नव्या माणसांसाठी सांगतो. दोन्हीकडची माणसं जीप भरून पेठेत यायची. गादीवर एका अंगाला मुलीकडचे, समोर मुलाकडचे, मध्ये कापडाचा ढीग. पहिलं कापड देवाचं, मग नवरीचा शालू, मग नवरदेवाचं, मग विहिणीची साडी, मग मानपान: मावश्या, आत्या, करवल्या, मामा लोकांचे फेटे. जेवण दुकानाचं. शेवटी सगळं एका धडप्यात, म्हणजे जाड कापडात, बांधून गाठीवर हळद-कुंकू वाहायचं आणि नारळ ठेवायचा. गाठ बांधणारा माणूस दोन्ही घरांनी मानलेला लागतो. आमच्या गावात तो मी होतो. लग्न ठरलं की पत्रिका बघायच्या आधी लोक माझ्या ओट्यावर यायचे. "आबा, कवा मोकळं हाय तुमी?" पुढाऱ्याची तारीख मिळायची एक वेळ, माझी मिळायची नाही.

आणि यातलं खरं काम कापड पारखायचं नव्हतं. खरं काम रुसवा काढायचं होतं. प्रत्येक बस्त्यात एक बाई रुसतेच. विहिणीपेक्षा मावशीची साडी उजळ निघाली, की गेली मावशी जिन्यात. मग मी जिन्यात जायचो, तिच्या बाजूनं बोलायचो, वर येऊन शेठला शिव्या घालायचो, शेठ हात जोडायचा, माडीवरची दुसरी साडी काढायचा आणि मावशी पदर सावरत परत गादीवर बसायची. शेठ आणि मी, दोघांनी ते नाटक इतक्यांदा केलं होतं की आम्हाला एकमेकांकडं बघावं लागायचं नाही. या कामाबद्दल मी दुकानाकडून कधी सुताचा दोरा घेतला नाही. चहा घेतला.

दुकान वाढत गेलं. तिसऱ्या मजल्यावर भांडी आली, चौथ्यावर तयार कपडे. नदीचं पाणी पेठेत आलं तेव्हा तळमजला बुडाला, आणि पाणी उतरल्यावर धाकट्या शेठनं, म्हणजे शेठच्या मुलानं, खालचं सगळं नवं केलं. फरशी, काचा, सरकती दारं, गार वारा, दारात साड्या नेसवलेल्या बाहुल्या. त्या दोन पायऱ्याही गेल्या, उतार आला. लिफ्ट आली. पण दुसऱ्या मजल्यावरची गादी राहिली. मी शेठला विचारलं होतं, "ह्येबी काढतंय का काय तुमचं पोरगं?" तो म्हणाला, "पाव्हणं, मी हाय तवर गादीला हात लागत न्हाई." हा शब्द त्यानं मला त्या गादीवर बसून दिला.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं.

नात पुण्यात कंपनीत आहे. मुलगा साताऱ्याचा, तोही पुण्यातच. माणसं चांगली, शिकलेली. मी त्याच संध्याकाळी पारावर सांगून टाकलं, की सगळ्या गावाचे बस्ते बांधले, आता घरचा बांधायचा आहे, सगळ्यांनी यायचं. घरी आलो तर नात म्हणाली, "आबा, आम्ही कपडे पुण्यातच घेतोय. दोघांचे एकमेकांना शोभतील असे मिळतात."

"घे की," मी म्हणालो. "फिरायला घालायला घे. लग्नाचं गादीवर बसूनच घ्यायचं."

"पण आबा, तिथं मला आवडेल असं नाही मिळत."

"तुझ्या आजीला मिळालं, आईला मिळालं. तुला काय शिंगं फुटली व्हय?"

माझा मुलगा, नातीचा बाप, मध्ये पडला. "आबा, आता कोण बसतंय गादीवर? लेकरांच्या मनासारखं होऊ द्या."

"मग लेकरांचं लेकरांनीच करा. बस्ता बांधला न्हाई तर मी मांडवात येत न्हाई."

मी हे रागात बोललो नाही. मला तसंच म्हणायचं होतं. घरात थोडे दिवस कुणी धड बोललं नाही. भाकरी ताटात पडायची, तीही आवाज करून. आणि मग एका सकाळी मुलगा समोर येऊन उभा राहिला. "ठीक हाय, आबा. तुमच्या मनासारखं करू. व्याह्यांनाबी बोललोय. यायला तयार हायत." नात फोनवर हसत म्हणाली, "आबा, तुम्ही जिंकलात." मी बायकोकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही तिनं. मला वाटलं, हिलाही पटलंय.

बस्त्याच्या दिवशी घरच्या आणि नात्यातल्या माणसांच्या दोन जीपा निघाल्या; गावकऱ्यांना मुलानं जागा नाही म्हणून परस्पर थांबवलं होतं. साताऱ्याची मंडळी गाडीनं आली. शेठ स्वतः खाली दारापर्यंत आला होता, गुडघे दुखत असताना. माझा हात धरून लिफ्टमधून वर घेऊन गेला. गादीवर नवी चादर होती, तक्क्यांना नवे अभ्रे. मी मध्ये बसलो. व्याही समोर. देवाचं कापड निघालं, मग मी म्हणालो, "शेठ, नातीचा शालू हाय. हात राखून दावू नका."

एकामागून एक शालू उलगडत गेले. मी डाळिंबी रंगाचा काढला, पदरावर मोर. पदर दोन्ही हातांनी ताणून बघितला तर एका मोराच्या गळ्याशी धागा तुटून बारीक गाठ आली होती. मी बोट ठेवलं. "शेठ, ह्यो मोर आजारी हाय. घसा धरलाय त्याचा." सगळे हसले. शेठनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "धरला म्हणता तर धरला. तुम्ही म्हणाल ती किंमत." एवढंच. ना 'बनारसचा माल आहे' म्हणाला, ना कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, घरचं लग्न म्हणून मान ठेवतोय माणूस.

नातीच्या अंगावर शालू टाकला. "छान आहे, आबा," ती म्हणाली. विहिणीला विचारलं तर, "तुम्ही काढाल ते." नातीच्या मावशीला मी मुद्दाम जरा फिकट साडी दिली, बघावं म्हणून. ती घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "झकास हाय की." अंजिरी, मोरपिशी, लिंबू, काहीही द्या, सगळ्यांना सगळं पसंत. कुणी जिन्यात गेलं नाही. एकही बाई रुसली नाही. एवढ्या वर्षांत असा बस्ता मी पाहिला नव्हता. मला वाटलं, मी निवडलंच असं आहे की नाव ठेवायला जागा नाही. गच्चीवर पुरी-भाजी, शिरा झाला. मी गाठ बांधली, नातीनं तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला. फोटो निघाले. मुलगा गठुळं उचलून गाडीत ठेवायला गेला. "आबा, ब्लाऊज शिवायला पुण्यालाच न्यायचाय. परस्पर पाठवतो." मी म्हटलं, "जपून ने."

गावात येऊन मी चार लोकांत बोललो. का बोलू नये? "बिनारुसव्याचा बस्ता कुणी बघितलाय का?" लोक म्हणाले, "आबा, तुमचाच असणार."

पुढच्या आठवड्यात पत्रिका छापून आल्या. सगळ्यांच्या पत्रिका मुलगा वाटत होता. शेठची मी म्हणालो मीच देणार, अक्षता घेऊन. एसटीनं सांगलीला गेलो. पेठेतून चालत दुकानापाशी आलो आणि दाराबाहेर थांबलो. काचेतल्या बाहुलीच्या अंगावर डाळिंबी शालू होता. पदर पुढं काढून पिनेनं लावलेला.

एका रंगाचे दहा शालू असतात. मी आत गेलो आणि पदर हातात घेतला. मोराच्या गळ्याशी गाठ होती.

तिथं एक पोरगी उभी होती, नवीन असावी, मला ओळखत नव्हती. "आजोबा, हात नका लावू. दुसरा दाखवू का असा?"

"ह्यो कवा आला इथं?"

"हा परत आलेला माल आहे. एक जण आख्खा बस्ताच परत देऊन गेले. बांधला त्याच दिवशी. गाठसुद्धा सोडली नव्हती बघा." ती हसली. "त्यांच्या घरात कुणी म्हातारं आहे म्हणे. त्याचं समाधान करायला बांधला होता."

तिचा काय दोष. लिफ्ट नको वाटली, जिन्यानं वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर गादी नव्हती. लाकडी चौथरा उखडून भिंतीला उभा केला होता, आणि तिथं पडदे लावायच्या दांड्या आणि माणसाएवढे आरसे आणून ठेवले होते. कपडे घालून बघायच्या खोल्या होणार होत्या. शेठ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुताराचं काम बघत होता. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, "बसा."

त्याला माझ्या तोंडावरून कळलं. सुताराला त्यानं चहा प्यायला पाठवलं.

"तुमचा मुलगा आला होता," शेठ म्हणाला. "हात जोडत होता. म्हणाला, मुलीचे कपडे घेऊन झालेत, म्हातारा ऐकत नाही, मांडवात येणार नाही म्हणतो. आम्ही गादी आधीच काढणार होतो, पाव्हणं. तुमच्यासाठी थांबवली. चादरी नव्या टाकल्या."

"कोण कोण सामील होतं?"

"आता ते कशाला?"

"व्याही?"

तो उखडलेल्या चौथऱ्याकडं बघायला लागला.

"मावशी? म्हंजे सगळी जीप. दोन्ही जीपा." मी आरशाकडं पाठ केली, कारण त्यात मीच दिसत होतो. "आणि मी भाव पाडत हुतो. मोराचा घसा धरलाय म्हणून. तुमी आतून हसत असाल."

"देवाशपथ हसलो नाही. तुमचं मन मोडू नये म्हणून केलं हो."

"मन मोडलं असतं तर मी भांडलो असतो, शेठ. पोरीशी भांडलो असतो, तुमच्याशी भांडलो असतो. कदाचित हरलोबी असतो. तुमी मला भांडायलाच ठेवलं न्हाई. जिन्यात रुसलेल्या बायकांना आपण गंडवायचो, तसं मला गंडवलं."

"त्या बायका साडी घेऊन खूश होऊन जायच्या, पाव्हणं," तो हळूच म्हणाला. "तुम्हीही गेलात."

हे त्यानं वाईट मनानं म्हटलं नसेल. पण या माणसाबरोबर मी आयुष्यभर एका गादीवर बसलो, आणि त्यानं मला कुठल्या बाजूला बसवलं ते मला त्या वाक्यात कळलं. पत्रिका माझ्या खिशात होती. ती तशीच घेऊन मी खाली उतरलो.

घरी बायकोला एकटीला गाठलं. म्हटलं, "तुला ठावं हुतं?"

"हुतं," ती म्हणाली. लपवलं नाही तिनं.

"आणि तांदूळ निवडत बसलीस."

"मग काय करू? नातीचं लगीन तुमच्याबिगर लावू? आवं, तुमी एकदा न्हाई म्हटलं की देव आला तरी हालत न्हाई. पोरीनं रडून डोळं सुजवलं हुतं. तुमाला दिसलं का?"

"न्हाई."

"दिसणार कसं? पारावर हुता तुमी."

"मला सांगायचं हुतं."

"सांगितलं की पोरीनं. आमी समद्यांनी सांगितलं. तुमी ऐकलं न्हाई, म्हणून मग दावलं."

तिच्याशी मी बोलण्यात कधी जिंकलो नाही. तरी मी विचारलं, "गावाला काय सांगू? मी समद्यांना सांगून बसलोय." ती म्हणाली, "सांगायचं न्हाई काय. कोण बघतंय?" मुलाला मी काही विचारलं नाही. मला कळलंय हे त्याला आईकडून कळलं असणार, कारण त्या दिवसापासून तो माझ्याशी फार गोड बोलू लागला.

लग्न साताऱ्यात, हायवेजवळच्या एका मोठ्या कार्यालयात झालं. मी गेलो. न जाऊन करतो काय? शब्द असा होता की बस्ता नाही तर मी नाही, आणि बस्ता झाला हे तर मीच सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. माझाच शब्द त्यांनी माझ्याकडून काढून घेतला होता. नात गुलाबी रंगाच्या घागऱ्यात आली, नवरदेवाच्या शेरवानीला तसलाच गुलाबी काठ. पाया पडायला वाकली. "आबा, कशी दिसते?"

"चांगली दिसतीस," मी म्हणालो. चांगलीच दिसत होती. तेही माझ्या विरोधात गेलं.

शेठ आला होता, मुलानं फोन केला असावा. मानाचे फेटे बांधायला मला पुढं केलं तेव्हा तो रांगेत उभा होता. माझा हात त्याच्यापाशी आला आणि मी फेटा पुढच्या माणसाला बांधला. शेठ न जेवता निघून गेला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण खरं अवघड त्याच्यानंतर झालं. आमच्या गल्लीतली एक बाई, नवरा फौजेत होता तिचा, माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिच्या मुलीचं ठरत आलं होतं. तिनं लांबून नातीकडं बघितलं आणि विचारलं, "आवं आबा, ह्यो गुलाबी तुमीच काढला व्हय गादीवर? लय उठून दिसतोय."

माझा मुलगा समोरच वाढप्याला काही सांगत उभा होता. तो गप्प झाला. बायकोनं माझ्याकडं बघितलं. विहीण पलीकडून बघत होती. सगळी मला बघत होती, आणि सगळ्यांना माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "मीच काढला."

"मग माझ्या लेकीच्या बस्त्यालाबी तुमीच चला. आत्ताच सांगून ठेवते."

कापडाच्या बाबतीत मी कधी कुणाशी खोटं बोललो नव्हतो. माझ्या घरच्यांनी ते माझ्याकडून भर मांडवात बोलवून घेतलं, आणि मी बोललो तेव्हा त्यांच्या तोंडावर सुटका दिसली. मुलगा परत वाढप्याशी बोलायला लागला.

महिन्याभरानं त्या बाईची जीप माझ्या ओट्यापुढं उभी राहिली. आत बायका नटून बसलेल्या. ती खाली उतरली. "चला आबा."

"मी येत न्हाई."

"बरं न्हाई व्हय?"

"बरा हाय. आता मी कापडाचं बघत न्हाई."

"असं कसं? शब्द दिलावता तुमी."

"तूच म्हणालीस. मी दिला नव्हता."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग जीपमधल्या बायकांकडं वळून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "चला गं. साताऱ्याची मोठी सोयरीक झालीया आता. आपली लुगडी कशाला बघतील?"

बायको दारात येऊन उभी होती. जीप वळल्यावर म्हणाली, "खरं सांगून टाकायचं हुतं की. गादीच न्हाई राहिली म्हणून."

"आणि घागरा?" मी विचारलं. "त्यो कुठला सांगू?"

ती आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. त्या दिवसापासून बस्त्याला या म्हणून माझ्याकडं कुणी आलेलं नाही. माजलाय म्हणतात. म्हणू देत. गंडला म्हणण्यापेक्षा ते बरं.